जमीन हलली की भाईर

दत्ता, फाट्यावर तुझ्या नावाच्या कमानीचे खांब उभे राहिले. सकाळी सरपंचांनी मला बोलावून घेतलं. डोक्यावर रुमाल टाकून ते उन्हात उभे होते आणि कमानीवर काय कोरायचं ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सोबत्याला वाचवण्यासाठी तोफगोळ्यांच्या वर्षावात धावून गेलेला सास्तूरचा सुपुत्र.' वाचून झाल्यावर विचारलं, "ताई, काही बदल?" मी म्हटलं, "नाही, चांगलं आहे." घरी येताना मला हसू फुटलं. सुपुत्र म्हणे! तू असतास तर इकडंतिकडं बघून म्हणाला असतास, "हे कुणाचं चाललंय?"

लोकांत मी तुला अहोजाहो करायचे. तुझ्या आईसमोर, म्हणजे आत्यांसमोर, तर तुझं नावही घेतलं नाही कधी. दार लावलं की मात्र तू म्हणजे तू. इथं दार लावलेलं आहे असं समज.

मला जे ठाऊक आहे ते सरपंचांना ठाऊक नाही. तुझं दिवसपाणी झाल्यावर नेगी आला होता. तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, पहाडातला, लाजरा माणूस. ओट्यावर बसला, चहा समोर तसाच निवला. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. पहाटेची वेळ होती, सगळे बंकरमध्ये झोपलेले. गोळा जवळ पडला आणि जमीन हलली. "भाभीजी, हम सब नीचे दब गए, और दत्ता उठके सीधा बाहर. दरवाजे के बाहर खडा होके जोर से चिल्लाया." काय ओरडला, मी विचारलं. नेगीनं ते शब्द पाठ केले होते. अर्थ माहीत नसलेलं काही माणूस जपून बोलतो तसं तो बोलला, "आये, भाईर. आये, भाईर." बाहेर पहाऱ्यावर एक जण होता. त्यालाच तू हाक मारलीस, त्यालाच आत ओढायला धावलास, असं सगळ्यांना वाटलं. दुसरा गोळा तेवढ्यात आला. पहारेकरी वाचला. "साहब ने भी यही लिखा है. भाभीजी, उसका मतलब क्या होता है?"

मी म्हटलं, "मतलब, भाई, संभल के."

खोटं बोलायला मला फार विचार करावा लागत नाही. कादंबऱ्या लिहिते ना मी.

आये, भाईर म्हणजे आई, बाहेर ये. हे सास्तुरात कुणाला सांगायची गरज नाही, पण बाहेरच्याला सांगावं लागेल. तू चार वर्षांचा असताना भूकंपात जुन्या गावातलं आपलं घर बसलं. माळवदाच्या मातीखाली तुझे वडील गेले, थोरली बहीण गेली. आत्यांनी नखं निघेपर्यंत हातानं उकरून तुला बाहेर काढलं. मग पत्र्याच्या शेडमध्ये किती तरी वर्षं तुला एकच धडा होता. जमीन हलली की भाईर. धक्का बसला की भाईर, ट्रक गेला की भाईर, मांडणीतला तांब्या वाजला तरी भाईर. ताटावरून उठायचं, झोपेतून उठायचं, अंगावर कपडा असो नसो. आणि तू एकटा कधी पळाला नाहीस. आधी हाक मारायचास, आये, भाईर! तिचा हात हातात आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाहीस. हे मला आत्यांनीच सांगितलंय, भाकरी थापता थापता, हसत हसत.

साऱ्या जगातल्या शिपायांना शिकवतात की गोळे पडायला लागले की आत राहा. तुलाही शिकवलं होतं, पंधरा वर्षं शिकवलं. पण त्याच्या आधी आईनं शिकवलं होतं.

म्हणून त्या ओट्यावर मी मनाशी गाठ मारली. हे आत्यांना कळता कामा नये. ज्या बाईनं एक लेकरू मातीतून उकरून काढलं, तिला तिच्याच शिकवणीनं ते गेलं असं कोणत्या तोंडानं सांगणार? त्या तेव्हा अंगणात तुरी निवडत बसल्या होत्या, सुपात मान घालून. त्यांना कमानीवरचा सुपुत्र असू दे. खरा दत्ता माझ्याजवळ राहील. असं मी ठरवलं, आणि तेव्हापासून घरात जपून बोलायला लागले, जसं काही मीच कुणाचा जीव घेतलाय.

आणि त्यात ही कादंबरी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

तुला आठवतं ना, मोबाईलवर भाग टाकायला लागले तेव्हा तू किती हसला होतास. "काय लिहायलीस बघू," म्हणून फोन ओढून घेतलास, आणि चार ओळी वाचून म्हणालास, "कॅप्टन अजिंक्य? सास्तुरात कुणाच्या बापाचं नाव अजिंक्य हाय?" मी म्हटलं, प्रेमकथा आहे, दत्तात्रय नावाच्या नायकाला कोण वाचणार? "आन् कॅप्टन केलास मला. पगार वाढला का?" वर तुझं ते पेटंट तोंड, भुवया वर आणि ओठ दाबलेले. मी उशी फेकून मारली होती.

कथा आपलीच होती, नावं तेवढी पावडर लावलेली. तुळजापुरात महाद्वाराच्या बाजूला आमचं कुंकवा-बांगड्यांचं, कवड्यांच्या माळांचं दुकान. तू कुलाचाराला आत्यांना घेऊन आला होतास, सुट्टीवर. माळेचा भाव मी जो सांगितला तो तू मुकाट्यानं दिलास. माझे वडील नंतर दिवसभर म्हणत होते, "असं गिऱ्हाईक रोज यावं." घासाघीस न करणारा माणूस आमच्या दुकानात आम्ही पहिल्यांदाच बघितला. मला वाटलं, एक तर बावळट असेल नाहीतर फौजी.

मग सोलापूरहून येताना एसटीत. गाडी गच्च, मला उभं राहायलाही जागा नाही, आणि मागच्या दाराशी तू तुझ्या काळ्या ट्रंकेवर बसलेला. उठलास, ट्रंक रुमालानं पुसलीस आणि म्हणालास, "बसा." एवढंच. तुळजापूरच्या घाटापर्यंत तू उभा आणि मी तुझ्या ट्रंकेवर, आणि ट्रंकेवर पांढऱ्या रंगात तुझं नाव लिहिलेलं, म्हणजे विचारायची पण सोय उरली नाही.

तिसऱ्यांदा माकणीला, धरणावर. मैत्रिणीच्या हळदीला गेले होते, आम्ही पोरी पाणी बघायला भिंतीवर गेलो, तर तिथं तू. मी मैत्रिणीला म्हटलं, "हा फौजी आहे का भूत?" तू ऐकलंस. "भूत न्हाय, सास्तूरचा हाय," म्हणालास.

कादंबरीत मी हे तिन्ही योगायोग लिहिले. वाचणाऱ्या बाया वेड्या झाल्या. 'ताई, नियती म्हणतात ती हीच!' तू ते वाचलंस आणि मान खाली घालून, पहिल्यांदा, कबूल केलंस की माकणीला योगायोग नव्हता. तू दुकानात येऊन माझ्या धाकट्या बहिणीला विचारून गेला होतास. आणि एसटीतही तू आधीच्या दोन गाड्या सोडून दिल्या होत्यास, मी स्टँडवर दिसले म्हणून. मी रागावले. सात वर्षं संसार केला आणि मला सांगितलं नाहीस! तू म्हणालास, "नियती काय एसटीचा पास काढून येती व्हय? माणसानंच यावं लागतं."

तेच तर आता खुपतं, दत्ता. तू मला तसाच भेटत आलास, अचानक, कुठंही. त्यामुळं तू नाहीस हे मनाला पटवायला गेलं की मन म्हणतं, थांब जरा, कुठंतरी वळणावर असेल. मागच्या आठवड्यात माहेरी गेले होते. स्टँडवर एक जण पाठमोरा उभा होता, तसेच बारीक कापलेले केस, तसेच एका पायावर भार दिलेला. मी दोन गाड्या सोडल्या. तो वळेल म्हणून बसून राहिले. वळला तेव्हा दुसराच कुणी होता, अर्थात. त्याला माझ्याकडं बघून काय वाटलं असेल, देव जाणे.

संध्याकाळी गल्लीत मोटारसायकल वळली की आजही माझा हात पदराकडं जातो. आत्यांची मान दाराकडं जाते. मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचं टाळतो. तुझी बाज अंगणात आहे तिथंच आहे, पत्र्याच्या कडेला. रोज सकाळी त्यावरचं अंथरूण विस्कटलेलं दिसतं. मी विचारलं नाही. आत्या झोपत असतील. पण मग त्यांचं स्वतःचं अंथरूणही विस्कटलेलं असतं.

बरं, भांडणाचं बोलू. आपलं अर्धं राहिलेलं भांडण.

लग्नानंतर पहिल्याच सुट्टीत त्याच धरणाच्या भिंतीवर तू मला ती गोष्ट सांगितली होतीस. सीमेवरची तुझी पहिली नेमणूक. गोळे पडायला लागले, जमीन हलली, आणि तू झोपेतून उठून थेट बाहेर. कुणीतरी कॉलर धरून तुला आत ओढलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे तुला 'भूकंप' म्हणायला लागले. सांगताना तू हसत होतास, आणि हसता हसता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होतास. मला तेव्हा तुझ्यावर इतकं प्रेम आलं की काय सांगू. आमच्या दुकानात वीरांचे फोटो पण विकायला असतात. पण हात दाबून बसलेला माणूस मला पहिल्यांदाच मिळाला होता.

तो प्रसंग मी अजिंक्यला दिला. कॅप्टन असून तो बंकरबाहेर पळाला. त्या भागाला जेवढे निरोप आले तेवढे कशालाच आले नाहीत. एका बाईनं लिहिलं, 'आजवर नायक होता, आज माणूस झाला.' मी आनंदानं तुला फोन केला, तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "वैशू, बाकी सगळं खोटं लिव्ह, चालतंय. तेवढं खरं काढ."

मी का काढू? मी म्हटलं, अख्ख्या पुस्तकात तेवढंच एक खरं आहे. तू म्हणालास, काढ. मी म्हटलं, लाज वाटते का? "लाज न्हाय." मग कामून? "आसंच." तुझं ते 'आसंच'! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यानंतर प्रत्येक फोनला जेवण, पाऊस, आत्यांचा गुडघा, आणि शेवटी, काढलंस का? नाही. बरं, ठेवतो.

मग उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. टीव्हीवर सारखे भोंगे आणि नकाशे. तुझी तुकडी तेव्हा दक्षिणेत होती, दिवाळीपासून तू घरी आला नव्हतास. एका सकाळी फोन आला. तुला काही सांगता येत नव्हतं, कुठं, कधी, काहीच नाही. तू एवढंच म्हणालास, "सोलापूरला भाकरी मिळंल का, दुपारच्याला?" मी म्हटलं, "मिळंल." फोन ठेवला आणि आत्यांना सांगितलं. त्यांनी लगेच परात ओढली. धपाटे, शेंगांची चटणी, एवढं की आख्खी तुकडी जेवेल. जीप करून आम्ही दोघी निघालो. वाटेत तुळजापुरात त्यांनी गाडीतूनच कळसाकडं हात जोडले, उतरल्या नाहीत. "आईला म्हणावं, येताना येते," म्हणाल्या.

गाडी किती थांबेल माहीत नव्हतं. फलाटावर नुसते हिरवे कपडे. मी एवढ्या माणसांत तुला शोधायला लागले आणि घाबरले, कारण सगळेच तू होते. मग मागून आवाज आला, "बसा." मी वळले तर तू तुझ्या ट्रंकेवर हात ठेवून उभा. बाकी सगळे पिशव्या घेऊन आणि तू ती जुनी ट्रंक घेऊन, दत्ता! मी रडले का हसले मला आता सांगता येत नाही. अहोजाहो विसरले, आत्यांसमोर तुझा हात धरला. आत्यांनी तोंड फिरवून धपाटे वाटायला सुरुवात केली, ह्याला घ्या, त्याला घ्या, आपल्याच पोरांना वाढावं तशा. नेगीला मी तिथंच पहिल्यांदा बघितलं, तोंड भरून खाताना.

युद्धाच्या दिवसांतली आपली भेट. कादंबऱ्यांत अशा भेटीत लोक काय काय बोलतात. मी स्वतः पानंच्या पानं लिहिली आहेत. तू काय बोललास? "काढलंस का?"

मी म्हटलं, "न्हाय."

"काढ, वैशू."

"आज तरी सांग, कामून?"

शिट्टी झाली. लोक पळायला लागले. तू आत्यांकडं बघितलंस. त्या कुणाच्या तरी हातात चटणीची पुडी कोंबत होत्या. तू माझ्या कानाशी आलास आणि म्हणालास, "आयला..." आणि तेवढ्यात कुणीतरी तुला डब्यात ओढलं. दारातून हात हलवलास. येतो म्हणालास. आईनं शिकवलेलं होतं, जातो म्हणायचं नाही.

घरी येऊन मी शेवटचा भाग लिहिला. अजिंक्य आणि सायली, म्हणजे मी, सोलापूरच्या फलाटावर भेटतात, आणि गोष्ट तिथंच संपते. खूप गोड झाला होता. टाकणार तेवढ्यात तू गेल्याचा फोन आला.

'आयला' च्या पुढं काय होतं ते मला नेगी आल्यावर कळलं. आईला कळलं तर. सगळं गाव वाचतंय, कुणी तिला वाचून दाखवलं तर. ती म्हणेल, म्या शिकिवलं म्हणून लेकरू गोळ्यात जातंय. तू जिवंत होतास तेव्हापासून तिला ह्यातून वाचवत होतास, आणि मी समजत होते लाज वाटते. त्या दिवशी तो प्रसंग मी मोबाईलवरून काढून टाकला. घे. जिंकलास. जिंकलेला माणूस समोर नसला की हरण्यात पण काही राम नसतो.

वाचणाऱ्यांना काही माहीत नाही. तिकडं मी टोपणनावानं लिहिते. रोज विचारतात. 'ताई, अजिंक्य परत येणार ना? रडवू नका हं.' 'ताई, दोन महिने झाले, एवढा भाव खाऊ नका.' आणि घरात आत्या. लिहायला वाचायला येत नाही, पण पहिल्यापासून प्रत्येक भाग दुपारी मी त्यांना वाचून दाखवायचे. बंकरचा प्रसंग आला तेव्हा तू नको म्हणालास म्हणून मी चार ओळी गाळून पुढं गेले होते. आता त्या रोज भांडी झाली की भिंतीला टेकून बसतात. "त्या अजिंक्यचं काय झालं म्हणायचं?" मी म्हणते, लिहायचंय अजून. "लिव्ह की मग. का रुसलाय तुझ्यावर?"

फलाटावर संपवावी का? ते खोटं नाही. भेट झालीच होती. बाया खूश होतील, आत्या डोळे पुसतील, कमान उभी राहील. फक्त तू त्यात नसशील. हात मांडीखाली दाबून बसणारा तू कुठंच नसशील, ना कमानीवर, ना कादंबरीत. मग मी एकटी तुला किती दिवस धरून ठेवू?

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज दुपारी जे झालं ते आता सांगते.

शेजारी बोअर घ्यायला गाडी आली. तुला माहीत आहे कशी दणदणते ती. मी आत पीठ मळत होते. पहिल्यांदा जमीन थरथरली, मग मांडणीतली ताटं वाजायला लागली, वरून तुला फौजेत बक्षीस मिळालेला पेला खाली पडला. मला कळायच्या आत मी अंगणात होते, हात पिठाचे. तुझ्यासारखीच. मग बघितलं तर आत्या आतच. दुपारच्या जरा पडल्या होत्या, त्या उठून बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून. तुला पळायला शिकवलेली बाई स्लॅबखाली बसून राहिलेली, आणि सगळी भिंत हलतेय. मी ओरडले, "आत्या, भाईर या! आत्या, भाईर!"

त्या आल्या नाहीत. मी आत गेले, दंड धरला. त्यांनी माझा हात सोडवला.

"तसंच वराडला न्हवं त्यो?" आत्या म्हणाल्या. "त्या पहाडी माणसानं सांगितलं की तुला. आये, भाईर."

मी तिथंच बसले.

"म्या तूर निवडीत हुते. बहिरी झाले न्हाय अजून." बोअरच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. "त्येला हिंदी कळतंय, मराठी कळत न्हाय. मला मराठी कळतंय. तू त्येला काय सांगितलंस, संबळके? म्हटलं, सून लई हुशार हाय. माझ्यासाठी झाकायलीय. झाकू दे, तिलाबी तेवढाच आधार."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू चार वळी गाळून वाचलीस त्येबी ठावं हुतं. शेजारच्या सुमननं कवाच वाचून दावलं. म्या लई हासले तवा. म्हटलं, येवढा बाप्या झाला तरी आईचं ध्येनात हाय."

गाडी बंद पडली. एकदम शांत झालं, ताटं वाजायची थांबली. आम्ही दोघी आपल्या घरात, एकमेकींपासून जे लपवत होतो ते मधे ठेवून बसलो. मी रडत होते. आत्या रडत नव्हत्या. त्यांनी माझ्या हाताचं पीठ पदरानं पुसलं, बोट न् बोट.

मी म्हटलं, "आत्या, तुमच्यामुळं नाही हो झालं."

"माझ्यामुळंच झालं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनामुळं हुईल? म्या काढला, म्या शिकिवला. त्ये माझं हाय, तू नगं घेऊ." मग पदर झटकत, "म्हणतील त्यो भ्याला. म्हणू दे. त्यो एकला पळाला न्हाय कधी. लहानपनीबी न्हाय. मला घेतल्याबिगर उंबरा वलांडला न्हाय त्येनं. तवाबी मलाच न्यायला उभा ऱ्हायला आसंल भाईर. वाट बगत. आन् म्या हितं निजलेली."

दत्ता, तू दारातून बाहेर पडून थांबलास, असं नेगी म्हणाला होता. पळत गेला नाहीस. थांबलास. सगळ्यांना वाटलं पहारेकऱ्यासाठी. मला वाटलं भीतीनं. तू कुणासाठी थांबला होतास हे फक्त तिला कळलं.

संध्याकाळी मी फलाटावरचा भाग बाजूला ठेवला आणि नवा लिहायला घेतला. अजिंक्य नाही, कॅप्टन नाही. सास्तूरचा दत्ता, हवालदार. वाचणाऱ्या बाया शिव्या घालतील, घालू दे. आत्या शेजारी बसल्या होत्या, लसूण सोलत. मी लिहिलेलं वाक्य वाक्य वाचून दाखवत होते. पहाट, बंकर, पहिला गोळा, जमीन. तू उठलास तिथं त्यांचे हात थांबले. मी वाचलं, 'तो दाराबाहेर उभा राहिला आणि त्यानं हाक मारली.'

"थांब," आत्या म्हणाल्या. "हाक मोठ्यानं लिव्ह. लांब हुतं लेकरू. मला ऐकू आली पायजे."